‘पाचच मिनिटं’ आणि पाचशे रुपये

शेतातून येऊन नुकत्याच टेकलेल्या, चुलीपाशी भाकरी थापता थापता रेडिओ लावलेल्या, आणि आज गटाची बैठक आहे म्हणून एकत्र बसून ऐकणाऱ्या सगळ्या ताया, काकू, मावश्यांना आम्हा समन्वयक तायांचा रामराम.

आज आम्ही बोलणार आहोत गाडी थांबवण्याबद्दल. ‘नो पार्किंग’ लिहिलेल्या ठिकाणी गाडी जरा वेळ उभी केली, तर काय दंड होतो, तो कोण करतं, कोणाच्या नावावर येतो आणि तो कसा टाळायचा.

आता कोणी म्हणेल, अगं, आमच्या दारात सायकल नाही, आम्हाला कशाला गाडीचं पुराण? तर ऐका. गटाचं काम आता गावापुरतं राहिलेलं नाही. काळा मसाला, पापड, कुरडया, शेवया, भाजीपाला आपण छोट्या हत्तीत नाहीतर पिकअपमध्ये भरतो आणि तालुक्याला, जिल्ह्याला नेतो. मुंबईच्या महालक्ष्मी सरसला जाणारे गट आहेत. पुण्याच्या भीमथडी जत्रेत स्टॉल लावणारे गट आहेत. कर्जाचा हप्ता भरायला स्कूटीवर बँकेत जाणाऱ्या सचिव आणि कोषाध्यक्ष आहेत. सुनेला बाळंतपणाला दवाखान्यात न्यायचं, तर शेजारच्याची गाडी सांगावी लागते. म्हणजे गाडी आपल्या नावावर असो नसो, ती कुठे थांबवायची हे पुष्कळदा आपणच सांगतो. “दादा, इथंच थांबवा, पाचच मिनिटं.” हे वाक्य आपल्या सगळ्यांच्या तोंडी आहे.

त्या पाच मिनिटांचा हिशेब आधी मांडू. महाराष्ट्रात नो पार्किंगला गाडी उभी केली तर पहिल्या वेळी ५०० रुपये दंड आहे. पुन्हा तोच गुन्हा झाला तर १५०० रुपये. समजा, उडदाच्या पापडाच्या एका पाकिटामागे गटाला १२ रुपये सुटतात. तर ५०० रुपये भरून काढायला ४२ पाकिटं विकावी लागतील आणि १५०० भरून काढायला १२५. सव्वाशे पाकिटांचे पापड लाटायला किती बाया आणि किती दुपारी लागतात, ते तुम्हाला आम्ही सांगायला नको.

हा दंड पूर्वी एवढा नव्हता. गाड्यांचा जो मुख्य कायदा आहे, मोटार वाहन कायदा, तो १९८८ सालचा. त्यातल्या कलम १७७ मध्ये, ज्या गुन्ह्याला वेगळी शिक्षा लिहिलेली नाही त्याचा सर्वसाधारण दंड दिला आहे. तो पहिल्या वेळी १०० रुपयांपर्यंत आणि नंतर ३०० रुपयांपर्यंत होता. २०१९ मध्ये संसदेनं कायदा बदलला आणि त्याचे ५०० आणि १५०० झाले. आपल्या राज्यात हे वाढीव दर डिसेंबर २०२१ पासून लागू झाले. त्यामुळे “आमच्या दाजींनी तर दोनशेच भरले होते” हा जुना दाखला आता चालत नाही. आणि दुचाकीला कमी, चारचाकीला जास्त, असंही या दंडात नाही. स्कूटी असो की पिकअप, पहिल्या वेळी पाचशेच.

आता नीट लक्ष द्या, कारण इथं सगळ्यांचा घोटाळा होतो. गाडी ‘उभी करणं’ आणि गाडी ‘थांबवणं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांच्या पाट्याही वेगळ्या आहेत.

नो पार्किंगची पाटी गोल असते. आतून निळी, कडेनं लाल, आणि तिच्यावर एकच लाल तिरपी पट्टी असते. काही ठिकाणी इंग्रजी ‘पी’ अक्षर काढून त्याच्यावर काट मारलेली असते. तिचा अर्थ, इथं गाडी लावून ठेवू नका. माणूस पटकन उतरवला आणि गाडी लगेच पुढे गेली, तर त्याला गाडी लावणं म्हणत नाहीत.

दुसरी पाटीही गोल, निळी आणि लाल काठाची, पण तिच्यावर दोन लाल पट्ट्या एकमेकींवर आडव्या असतात. फुलीसारख्या. तिचा अर्थ, इथं थांबायचंच नाही. माणूस उतरवायला नाही, पिशवी घ्यायला नाही, फोन उचलायलाही नाही. एक पट्टी असेल तर लावू नका, फुली असेल तर थांबूही नका. जिला वाचता येत नाही, तिलाही ही खूण लक्षात ठेवता येईल. पुढच्या बैठकीत कागदावर दोन्ही पाट्या काढून सगळ्यांना दाखवा.

पुण्यासारख्या शहरात आणखी एक पाटी दिसते, पी-१ आणि पी-२ अशी. हा सम-विषम तारखांचा हिशेब आहे. पी-१ च्या बाजूला विषम तारखेला गाडी लावायची, म्हणजे १, ३, ५ अशा तारखांना. पी-२ च्या बाजूला सम तारखेला, म्हणजे २, ४, ६ ला. काल जिथं गाडी लावलेली चालली, तिथंच आज दंड होतो तो यामुळे. शहरात जाताना आजची तारीख काय, हे ड्रायव्हरदादाला आठवण करून द्या.

आता प्रश्न येतो, पाटीच नसेल तर? पाटी नाही म्हणजे मोकळं रान नाही. काही जागा अशा आहेत की तिथं पाटी नसली तरी गाडी लावायची नसते. चौकात किंवा चौकाजवळ, वळणावर, चढाच्या माथ्यावर, पुलावर. पायी चालणाऱ्यांच्या पांढऱ्या पट्ट्यांवर. फुटपाथवर. एसटीच्या थांब्याजवळ. शाळेच्या आणि दवाखान्याच्या दारात. दुसऱ्याच्या फाटकासमोर. आधीच लावलेल्या गाडीच्या बाजूला दुसरी रांग करून. आणि वाहतुकीची पाटी झाकली जाईल अशी.

याशिवाय कायद्याचं कलम १२२ आहे. त्यात म्हटलंय की, सार्वजनिक जागेत गाडी अशी उभी ठेवायची नाही की जिच्यामुळे इतरांना धोका होईल, अडथळा होईल किंवा विनाकारण त्रास होईल. यात मिनिटांचा उल्लेख नाही. दोन मिनिटांत अडथळा झाला, तर तो अडथळाच. कलम २०१ रहदारी अडवण्याबद्दल आहे, त्यात ५०० रुपयांपर्यंतचा दंड आहे. आणि १ जुलै २०२४ पासून जी भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्या कलम २८५ मध्ये सार्वजनिक रस्त्यावर धोका किंवा अडथळा करणाऱ्याला ५००० रुपयांपर्यंत दंड लिहिला आहे. दर वेळी हे सगळं लागतं असं नाही. पण कायदा किती लांब जाऊ शकतो, ते माहीत असावं.

आता आपल्याकडच्या नेहमीच्या सबबी बघू. एक, “ब्लिंकर चालू होते.” चारही दिवे लुकलुकत ठेवले म्हणजे नो पार्किंगला परवानगी मिळाली, असं कायद्यात कुठेच नाही. ते दिवे मागच्याला सावध करण्यासाठी असतात. दोन, “ड्रायव्हर गाडीतच होता.” तो गाडीत असला तरी गाडी अर्धा तास तिथंच असेल, तर ती लावलेलीच समजली जाते. तीन, “गाडी चालूच ठेवली होती, लगेच निघणार होतो.” ही तर उलटी अंगावर येते. कलम १२६ सांगतं की चालवण्याचा परवाना असलेला माणूस सीटवर नसेल, तर इंजिन बंद करून ब्रेक लावल्याशिवाय गाडी सोडायची नाही. गाडी चालू ठेवून चहाला जाणं हा वेगळाच गुन्हा झाला. आणि चार, “सगळेच लावतात की!” सगळे लावतात, पण फोटो ज्याचा निघाला त्याच्या नावावर चलान फाटतं.

दंडाच्या पुढची पायरी म्हणजे गाडी उचलून नेणं. कलम १२७ प्रमाणे, जिथं गाडी लावायला कायद्यानं मनाई आहे तिथून ती उचलून न्यायचा किंवा चाकाला जॅमर लावायचा आदेश गणवेशातला पोलिस अधिकारी देऊ शकतो. कोणी बेवारस सोडलेली गाडी दहा तासांवर एकाच जागी असेल, तर तीही उचलता येते. आणि गाडी धोकादायक जागी असेल, तर लगेच हलवता येते. उचलून नेण्याचा खर्च गाडीच्या मालकानं भरायचा, आणि तो दंडाच्या वर. हा खर्च शहराशहरात वेगळा असतो, दुचाकीचा कमी आणि चारचाकीचा जास्त. शिवाय गाडी कुठे नेली ते शोधत रिक्षानं फिरायचं, ते वेगळंच. गाडीत माल असेल, तर जीव टांगणीला.

माणूस आत बसलेला असताना गाडी उचलायची का? नोव्हेंबर २०१७ मध्ये मुंबईत मालाडला एक घटना घडली होती. बाळाला घेऊन आई मोटारीत बसलेली असताना ती मोटार टोइंगच्या गाडीनं ओढत नेली. त्याचा व्हिडिओ देशभर फिरला आणि त्या वाहतूक पोलिसाला निलंबित केलं गेलं. नंतर दुसऱ्या बाजूच्या गोष्टीही पुढे आल्या. त्या वादात आपण पडायला नको. आपल्यासाठी धडा एवढाच की, गाडी उचलायला आले आणि आत बाई, मूल किंवा म्हातारं माणूस असेल, तर मोठ्यानं सांगा, “आत माणूस आहे, आम्ही गाडी काढतो, दंडाची पावती द्या.” भांडण नको, आणि घाबरून गप्प बसणंही नको.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, चलान. पूर्वी पोलिस समोर उभा राहून पावती फाडायचा. आता मशीनवर किंवा कॅमेऱ्यानं गाडीचा आणि नंबरप्लेटचा फोटो निघतो आणि चलान मोबाइलवर येतं. कोणाच्या मोबाइलवर? गाडी ज्याच्या नावावर आहे त्याच्या. त्या दिवशी गाडी कोण चालवत होतं, हे कॅमेऱ्याला कळत नाही. आरसी बुकाला जो मोबाइल नंबर जोडलाय त्यावर मेसेज जातो. आणि पुष्कळ गाड्यांना कुठला नंबर जोडलेला असतो? शोरूमच्या माणसाचा, नाहीतर चार वर्षांपूर्वी बंद पडलेला. मग चलान साचत जातात आणि कोणाला पत्ताच नसतो. म्हणून ज्या गटाच्या, ग्रामसंघाच्या किंवा घरातल्या बाईच्या नावावर गाडी आहे, तिनं आरसीचा मोबाइल नंबर आजच बघून घ्यावा आणि चुकीचा असेल तर बदलून घ्यावा.

आमच्या भागातल्या एका गटात जे झालं ते सांगतो. गट मसाल्याचा. त्यांनी गावातल्याच एका पिकअपवाल्याला भाड्यानं सांगितलं आणि शहरातल्या एका दुकानाला माल पोचवला. दुकान बाजारपेठेत, रस्ता अरुंद. पोती उतरवायची, मोजून द्यायची, बिलावर सही घ्यायची, यात वीस-पंचवीस मिनिटं गेली. कोणी अडवलं नाही, कोणी बोललं नाही. सगळ्या खुशीत घरी आल्या. महिना उलटल्यावर पिकअपवाला चलान घेऊन अध्यक्षताईंच्या दारात. त्याच्या गाडीवर आधीचंही एक चलान होतं, त्यामुळे हे १५०० चं.

मग जो वाद पेटला तो आम्ही बैठकीत बसून ऐकला. गाडीवाला म्हणाला, “ताईंनी इथंच थांबव म्हटलं म्हणून मी थांबवली.” अध्यक्षताई म्हणाल्या, “गाडी तुझी, लायसन तुझं, कुठं लावायची ते तुला कळायला नको?” एक सदस्य म्हणाली, “गटाच्या पैशातून द्या आणि मिटवा.” लगेच दुसरी म्हणाली, “माझ्या बचतीतले पैसे दंडाला का? मी त्या दिवशी गाडीत पण नव्हते.” ज्या दोघी मालाबरोबर गेल्या होत्या त्या रडायला लागल्या. त्यांना वाटलं, आपल्यावर ठपका येतोय. नऊ वर्षं एकही हप्ता न चुकलेला गट, पण १५०० रुपयांवरून दोन बैठका मोडल्या. एकीनं तर नाव काढून घ्यायची भाषा केली.

शेवटी सगळ्यांनी मिळून तीन प्रश्न समोर ठेवले. नोटीस कोणाला आली? गाडीमालकाला, कारण कायद्यात नाव त्याचं. जागा कोणी ठरवली? मालाबरोबर गेलेल्यांनी. आधीचा गुन्हा कोणाचा? गाडीमालकाचा, त्याचा गटाशी संबंध नाही. मग हिशेब असा झाला. पहिल्या वेळेचा दंड ५०० असता, तेवढा गटाच्या धंद्याचा खर्च म्हणून धरला, कारण माल गटाचा होता आणि गेलेल्या बायका गटाच्या कामाला गेल्या होत्या. वरचे १००० गाडीवाल्यानं सोसले, कारण ते त्याच्या जुन्या चलानामुळे वाढले. ५०० रुपये सदस्यांच्या बचतीतून न घेता त्या मालाच्या नफ्यातून वजा केले. इतिवृत्तात ठराव लिहिला, सगळ्यांनी सह्या, अंगठे केले. दोघींच्या डोळ्यांतलं पाणी तेव्हा थांबलं.

असाच हिशेब प्रत्येक गटानं करावा, असं आमचं म्हणणं नाही. कुठं गाडीवाला सगळं भरेल, कुठं गट भरेल. पण हे आधी ठरलेलं असावं. त्या गटानं त्यानंतर गाडी सांगताना तीन गोष्टी ठरवून घ्यायला सुरुवात केली. एक, गाडीवर जुनं चलान थकलेलं आहे का, हे आधी विचारायचं. दोन, माल कुठे उतरवायचा ती जागा निघण्याआधी दुकानदाराला फोन करून पक्की करायची. तीन, दंड झालाच तर तो कोणी भरायचा, हे भाडं ठरवतानाच बोलायचं. कागदावर चार ओळी लिहिल्या तर उत्तम. गटाच्या पंचसूत्रीत नियमित हिशेब आहेच. गाडीचं भाडं आणि दंड हाही त्या हिशेबाचाच भाग आहे.

शहरात माल उतरवायचा असेल तर आणखी काही बघा. बऱ्याच शहरांत मोठ्या गाड्यांना बाजारपेठेत यायच्या वेळा ठरवून दिलेल्या असतात. दुकानदाराला त्या माहीत असतात, त्यालाच विचारा. सकाळी लवकर पोचलं तर जागा मिळते. पैसे देऊन लावायच्या वाहनतळाचे वीस-तीस रुपये वाचवण्यात शहाणपण नाही, पाचशेच्या पुढे ते काहीच नाहीत. दोघी गेल्या असतील तर एकीनं मालाबरोबर दुकानात जावं आणि दुसरीनं गाडीपाशी थांबावं. ड्रायव्हरदादानं माल उतरवून गाडी वाहनतळावर न्यावी आणि फोन केल्यावर परत यावं. प्रदर्शनाला गेलात, तर माल उतरवायचं फाटक कुठलं आणि वेळ कोणती, हे आयोजकांना आदल्या दिवशीच विचारून घ्या.

आता, पोलिसानं थांबवलंच तर? पहिली गोष्ट, घाबरू नका. गणवेशातल्या पोलिस अधिकाऱ्यानं लायसन मागितलं तर ते दाखवणं चालकावर बंधनकारक आहे. नम्रपणे बोला. “साहेब, माल उतरवत होतो, लगेच काढतो” असं सांगायला हरकत नाही. बऱ्याचदा गाडी काढायला सांगून सोडून देतात. पण दंड करायचा ठरलाच, तर चलान घ्या. पावती किंवा मोबाइलवर मेसेज आल्याशिवाय कोणाच्याही हातात पैसे द्यायचे नाहीत. “शंभर द्या आणि जा” असं कोणी म्हणालं, तर तो दंड नव्हे आणि गटाच्या वहीत त्याची नोंदही करता येणार नाही.

चलान चुकीचं असेल तर? म्हणजे गाडी त्या दिवशी गावातच होती आणि चलान शहरातलं आलं, किंवा फोटोतला नंबर दुसऱ्याचाच आहे. असं झालं तर गप्प राहून भरायची गरज नाही. चलानातला फोटो उघडून बघा, नंबर, रंग, तारीख, वेळ, जागा. मग ई-चलानच्या सरकारी संकेतस्थळावर किंवा वाहतूक शाखेत तक्रार करता येते. त्या दिवशी गाडी कुठे होती याचा पुरावा जोडा, डेअरीची पावती, पेट्रोलचं बिल, काहीही. गाडी दुसरं कोणी चालवत होतं, तर चालकाची माहिती देणं ही मालकाची जबाबदारी आहे. म्हणून गाडी कोणाला दिली, कोणत्या दिवशी दिली, हे लिहून ठेवत चला.

आणि चलान भरलंच नाही तर? ते मिटत नाही, कोर्टात जाऊ शकतं. राष्ट्रीय लोकअदालतीत अशी प्रकरणं ठेवली जातात, तिथं तडजोडीनं मिटवता येतात. मैत्रिणींनो, एक गोष्ट मनात पक्की करा. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे प्रत्येक स्त्रीला मोफत कायदेशीर मदत मिळते. तिचं उत्पन्न किती, हे विचारलं जात नाही. तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते, तिथं जा. फोन करायचा तर १५१०० हा नंबर आहे. चलानच कशाला, घरातल्या मारहाणीपासून जमिनीच्या हिश्श्यापर्यंत कशासाठीही हा नंबर कामाला येतो.

इथंच एक सावधगिरी. हल्ली व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज येतात, “तुमच्या गाडीचं चलान आलंय, फाइल उघडा आणि बघा.” सोबत एक फाइल किंवा लिंक असते. ती उघडली की मोबाइलमध्ये चोर शिरतो आणि बँकेतले पैसे जातात. ज्या मोबाइलवर गटाच्या बँक खात्याचे मेसेज येतात, त्या मोबाइलवर हे घडलं तर विचार करा. चलान बघायचं तर आपण स्वतः सरकारी संकेतस्थळ उघडायचं, ज्याच्या पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ असतं, आणि गाडीचा नंबर घालून बघायचं. स्वतःला जमत नसेल तर सीएससी केंद्रात जा. मेसेजमधून आलेली फाइल मात्र उघडायची नाही. आणि पैसे गेलेच, तर लाज न बाळगता ताबडतोब १९३० या नंबरवर फोन करा. जितक्या लवकर फोन, तितकी पैसे अडवण्याची आशा जास्त.

आतापर्यंत पैशाचं बोललो. पण हा नियम नुसता पैशासाठी केलेला नाही. ग्रामीण रुग्णालयाच्या दारात बाजाराच्या दिवशी काय असतं, ते आठवा. दोन्ही बाजूंनी मोटारसायकली, मध्ये वडापच्या गाड्या, एका कडेला फळांचा गाडा. आणि मागून १०८ ची गाडी भोंगा वाजवत येते. आत कळा देणारी बाई असते, नाहीतर सर्पदंश झालेलं पोर. त्या गाडीला आत शिरायला जी दोन-चार मिनिटं लागतात, ती आपल्या ‘पाचच मिनिटं’ मधून गेलेली असतात. प्रत्येकाला वाटतं, माझ्या एकट्याच्या गाडीनं काय होतंय! दवाखान्यात कोणाला घेऊन गेलात, तर पेशंटला दारात उतरवा, एकीनं बरोबर आत जा आणि गाडी तिथून लगेच काढायला लावा. आपला पेशंट उतरला, आता दुसऱ्याचा उतरायचा आहे.

आणि आपल्या गावाकडचा सगळ्यात मोठा धोका तर रात्रीचा आहे. ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की रस्त्याच्या कडेला, आणि कधी कधी अर्ध्या रस्त्यावर, ट्रॅक्टर-ट्रॉल्या उभ्या असतात. टायर फुटला, डिझेल संपलं, ड्रायव्हर जेवायला गेला. मागं दिवा नाही, चमकणारी पट्टी नाही. अंधारात मोटारसायकलवरून येणाऱ्या पोराला ट्रॉली दिसते, तोवर उशीर झालेला असतो. तिथं पाटी नसते, पोलिस नसतो, चलानही नसतं. पण कलम १२२ तिथंही लागू असतं, कारण गाडी धोका होईल अशी उभी असते.

हे आपल्या हातात आहे, कारण ट्रॅक्टर आपल्याच घरातले आहेत. आपल्या नवऱ्याच्या, दिराच्या, पोराच्या ट्रॉलीला मागं लाल चमकणारी पट्टी लावलीय का, ते उद्या सकाळी बघा. नसेल तर लावून घ्या. गाडी बंद पडली तर ती रस्त्याच्या खाली घ्यायची. घेता येत नसेल तर मागं बऱ्याच अंतरावर खूण ठेवायची आणि एका माणसानं बॅटरी घेऊन उभं राहायचं. आपल्याकडे दगड मांडून ठेवायची पद्धत आहे. गाडी निघून जाते आणि दगड तिथंच राहतात, मग ते दगडच दुसऱ्याचा जीव घेतात. गाडी निघाली की दगड उचलायचे. राष्ट्रीय महामार्गावर गाडी बंद पडली तर १०३३ वर फोन करा, मदत येते. अपघात दिसला तर १०८ किंवा ११२.

तर मैत्रिणींनो, आजच्या बोलण्यातून पुढच्या बैठकीसाठी कामं काढू. लेखनिक ताईंनी लिहून घ्या. पहिलं काम, दोन्ही पाट्यांची चित्रं काढून सगळ्यांना दाखवायची, एक पट्टी आणि फुली. दुसरं, गटाच्या कामाला जी गाडी सांगतो तिच्या मालकाशी दंडाचं आधीच बोलायचं आणि ठरलेलं इतिवृत्तात लिहायचं. तिसरं, जिच्या नावावर गाडी किंवा स्कूटी आहे, तिनं आरसीला जोडलेला मोबाइल नंबर तपासायचा. चौथं, १५१००, १९३०, १०३३, १०८ आणि ११२ हे पाच नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहायचे. आणि पाचवं, ज्यांच्या घरी ट्रॅक्टर-ट्रॉली आहे त्यांची नावं काढायची आणि मागच्या पट्टीची खात्री करायची. हे पाचवं काम हंगामाच्या आधी झालं पाहिजे.

आणि पुढच्या वेळी तोंडातून “दादा, इथंच थांबवा” निघायच्या आधी एकदा मान वर करून पाटी बघा.

तुमच्या गटात असा काही प्रसंग आला असेल, तुम्ही तो कसा मिटवला, हे आम्हाला प्रभाग संघाच्या बैठकीत जरूर सांगा. इतर गटांना त्याचा उपयोग होईल. आता आम्ही तुमचा निरोप घेतो. काळजी घ्या, बचत करा, हप्ता वेळेवर भरा. नमस्कार.